किनारा नेमका कोणाला? युलिसिस, कोलंबस आणि मराठीतला समुद्र



"पीएचडीचा विषय काय?" असं कोणी विचारलं की मी हल्ली एका वाक्यात सांगते: इंग्रजी कवितेतला समुद्र मराठी कवितेत आला तेव्हा त्याचं काय झालं, ते मी बघतेय. यावर नाशिकमध्ये तरी पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे 'कोलंबसाचे गर्वगीत' ना? ते टेनिसनवरून घेतलंय का हो?"

प्रश्न स्वाभाविक आहे. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या बऱ्याच जणांनी टेनिसनची 'युलिसिस' कधी ना कधी वाचलेली असते. आणि मराठी शाळेत शिकलेल्यांना कुसुमाग्रजांच्या त्या कवितेचा शेवट निदान ऐकून तरी माहीत असतो. दोन्हीकडे जहाज आहे, खलाशी आहेत, घर मागे टाकून निघालेला एक हट्टी माणूस आहे आणि माघार न घेण्याची भाषा आहे. त्यात योगायोग असा की 'युलिसिस' छापून आली १८४२ मध्ये आणि 'विशाखा' आली १९४२ मध्ये. बरोब्बर शंभर वर्षं!

आज मला असं सांगायचंय की "घेतलंय का?" हा प्रश्न आपल्याला फार लांब नेत नाही. त्यापेक्षा दोन साधे प्रश्न विचारून बघा. एक, कवितेत कोण कोणाशी बोलतंय? दोन, किनारा कोणाच्या वाट्याला आलाय? एवढं विचारलं की दोन्ही कविता चांगल्याच वेगळ्या दिसायला लागतात. शिवाय एक अडचणही समोर येते, आणि ती मला झाकायची नाही.

मूळ ओळी मी इथे उतरवत नाहीये. 'विशाखा' घरात नसेल तर वाचनालयात नक्की असेल. शेजारी ठेवून वाचलंत तर जास्त मजा येईल.

आधी 'प्रभाव' या शब्दाचं बघू

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात 'प्रभाव' हा फार जुना शब्द आहे. अमुक कवीने तमुक कवी वाचला होता, दोघांच्या कवितेत सारखेपणा आहे, म्हणजे प्रभाव सिद्ध झाला, अशी त्याची पद्धत. आता वि. वा. शिरवाडकर नाशिकच्या एच. पी. टी. कॉलेजात शिकले आणि त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे त्यांनी 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' लिहिलं, 'ऑथेल्लो' मराठीत आणलं. तेव्हा इंग्रजी वाचनाबद्दल वाद नाहीच.

पण वाचन सिद्ध झालं म्हणजे कविता कळली असं होत नाही. दोन घरांत एकाच दुकानातून तूरडाळ येते म्हणून दोन्हीकडचं वरण सारखं लागत नाही.

दुसरं असं, की हा प्रश्न आपण नेहमी एकाच दिशेने विचारतो. टेनिसनचा युलिसिस हा होमरच्या 'ओडिसी'चा नायक. पण होमरच्या कथेत त्याचे सगळे सोबती वाटेतच मरतात आणि तो एकटा घरी पोचतो. मग टेनिसनच्या कवितेत म्हातारपणी त्याच्याबरोबर निघालेले जुने खलाशी आले कुठून? ते आले दान्तेकडून. 'इन्फर्नो'च्या २६व्या सर्गात दान्तेचा युलिसिस घरी जातच नाही. मूठभर सोबती घेऊन तो जगाच्या ठरलेल्या सीमेपलीकडे जातो, दूर एक डोंगर दिसायला लागतो आणि तेवढ्यात वावटळ येऊन जहाज बुडतं. ही गोष्ट तो नरकातल्या ज्वाळेतून सांगतो. टेनिसनने दान्तेचा प्रवास घेतला आणि बुडणं सोडून दिलं. तरी इंग्रजीच्या वर्गात "टेनिसनने दान्तेवरून घेतलं का हो?" असं त्या सुरात कोणी विचारत नाही. तिथे त्याला परंपरा म्हणतात. मराठी कवीने तेच केलं की त्याला प्रभाव म्हणायचं, हे मला पटत नाही.

युलिसिस कोणाशी बोलतोय?

'युलिसिस' हा इंग्रजीत ज्याला ड्रॅमॅटिक मोनोलॉग म्हणतात त्या प्रकारातला नमुना आहे. म्हणजे कवी स्वतः बोलत नाही, एक पात्र बोलतं. आपण ते ऐकता ऐकता त्या पात्राला पारखत जातो. सगळंच खरं मानायचं नसतं, वकिलाचं भाषण ऐकावं तसं थोडं सावध ऐकायचं असतं.

सुरुवातीला हा म्हातारा राजा कोणाशी बोलतोय तेच कळत नाही. बहुधा स्वतःशीच. चूल थंड आहे, बेट खडकाळ आहे, बायको म्हातारी झालीये, प्रजा रानटी आहे, अशी त्याची तक्रार. ज्या पेनेलोपीने वीस वर्षं वाट बघितली तिला एका विशेषणात उरकलंय, नावसुद्धा नाही. मग आठवणी येतात: वादळं, ट्रॉयची लढाई, पाहिलेली शहरं. मग मुलाकडे बोट दाखवून तो राज्य त्याच्या गळ्यात टाकतो. मुलगा गुणी आहे म्हणतो, पण त्या कौतुकात थोडी कीवही ऐकू येते. आणि अगदी शेवटच्या भागात तो बंदराकडे वळून खलाशांना हाक मारतो. तोवर 'मी', 'मी' असं चाललेलं असतं. 'आपण' उशिरा येतो.

ही कविता लिहिली तेव्हा टेनिसन २४ वर्षांचा होता. सप्टेंबर १८३३ मध्ये त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात अचानक गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ही कविता आली. मित्र गेल्यावरही जगत राहायला हवं, ही गरज आपण त्यात मांडली, असं टेनिसनने स्वतः पुढे सांगितलं होतं. म्हणजे शेवटची ती निग्रहाची भाषा ज्याच्या तोंडी आहे त्याची ताकद संपत आलीये, आणि ज्याने लिहिली तो शोकात आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये याच कवितेची शेवटची ओळ खेळाडूंच्या वसाहतीत भिंतीवर कोरली होती. धडधाकट, विशीतल्या खेळाडूंसाठी! ओळ तीच, पण तिच्यातलं म्हातारपण आणि मित्राचं जाणं गळून पडलं.

कोलंबस कोणाशी बोलतोय?

आता 'गर्वगीत' बघा. इथे पहिल्याच शब्दांपासून समोर श्रोता आहे, आणि तो समुद्र आहे. वादळ ऐन भरात आहे. कोलंबस समुद्राला सांगतो की गर्ज, पर्वताएवढ्या लाटा उठव, तारे हलू देत, दिशा ढळू देत. ज्याला घाबरायचं त्यालाच तो आणखी जोर लाव म्हणतो.

मग कवितेच्या मध्यावर तो वळतो आणि आपल्या माणसांशी बोलायला लागतो. त्यांच्यासाठी तो शब्द वापरतो 'सहकारी'. नोकर नाही, सैनिक नाही, प्रजा तर नाहीच. त्यांना तो विचारतो की खंत कसली, परत फिरण्यासाठी का आपण निघालो होतो? हरून जीव जपण्यापेक्षा पाण्यात समाधी परवडली. गवताच्या पात्यांसारखे असंख्य जीव जगतात आणि मरतात, आपलं काम नवी क्षितिजं घडवण्याचं. (हा भाग टेनिसनपेक्षा दान्तेच्या जवळचा वाटतो. तिथेही युलिसिस सोबत्यांना सांगतो की जनावरांसारखं जगायला तुमचा जन्म नाही.)

आणि शेवट? जो शेवट वक्तृत्व स्पर्धांमध्ये, निरोप समारंभात, फलकांवर आपण हजारदा ऐकलाय, तो कोलंबस एकट्याने बोललेला नाही. नीट वाचा. तो सहकाऱ्यांना म्हणतो की शिडं उभारा आणि या वेड्या समुद्राला सांगा. पुढचं वाक्य हे सांगण्याचा मजकूर आहे. म्हणजे माणसाच्या आशेला अंत नाही हे समुद्राला सुनवायचंय सगळ्यांनी मिळून. फक्त शेवटच्या दोन ओळी म्हटल्या की हे खलाशी कवितेतून गायब होतात आणि एक सुटा महापुरुष उरतो. कविता पूर्ण म्हटली तर तो तिथे नाहीच. 'आम्ही', 'आमुची' हीच सर्वनामं तिथे भरून आहेत.

तुलना म्हणून अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचा कोलंबस बघा. १८७४ च्या त्या कवितेत तो म्हातारा, आजारी, जहाज मोडून किनाऱ्याला अडकलेला आहे आणि देवाशी बोलतोय. तोच माणूस, पण श्रोता बदलला की कविता प्रार्थना होते. कुसुमाग्रजांच्या कोलंबसाला वादळातही देवाची आठवण येत नाही.

इतिहासाचं म्हणाल तर ३ ऑगस्ट १४९२ ला तीन जहाजं निघाली आणि १२ ऑक्टोबरला जमीन दिसली. त्या जाण्याच्या प्रवासात मोठं वादळ झालंच नाही. उलट समुद्र इतका शांत होता की परत जायला वारा मिळेल की नाही म्हणून खलाशी कुरकुरत होते. मोठं वादळ गाठलं ते परतीच्या वाटेवर, फेब्रुवारी १४९३ मध्ये. म्हणजे कवितेतलं वादळ बखरीतून आलेलं नाही. ते कवीला हवं होतं म्हणून आहे. का हवं होतं, त्याकडे आता येते.

किनारा: बायरन काय म्हणाला होता

माझ्या मते 'गर्वगीता'चा खरा सामना टेनिसनशी नाही, बायरनशी आहे.

बायरनच्या 'चाइल्ड हॅरल्ड'चा चौथा सर्ग १८१८ मध्ये आला. त्याच्या शेवटी समुद्राला उद्देशून एक लांब संबोधन आहे. ते इंग्रजी शालेय वाचनात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. त्याचा आशय असा: माणूस जमिनीवर हवा तेवढा विध्वंस करतो, पण त्याची सत्ता किनाऱ्यापाशी संपते. पुढे पाणी आणि पाण्याचीच सत्ता. माणूस बुडतो तो एका थेंबासारखा, ना थडगं ना नाव. मोठमोठी साम्राज्यं समुद्राच्या काठावर आली आणि गेली, समुद्राला सुरकुतीही पडली नाही. त्यात तो स्पॅनिश आरमाराबरोबर ट्रफाल्गरचंही नाव घेतो. म्हणजे स्वतःच्या देशाच्या आरमाराचा तोराही तो समुद्रापुढे तुच्छ ठरवतो, आणि तोही ट्रफाल्गरच्या विजयाला जेमतेम तेरा वर्षं होत असताना.

आता 'गर्वगीता'चा शेवट आठवा. तिथे किनारा कोणाला आहे? समुद्राला! माणसाच्या आशेला नाही. बायरनने किनारा ही माणसाची मर्यादा ठरवली होती. कुसुमाग्रजांनी तीच रेघ ठेवली आणि फक्त पलीकडच्या बाजूने वाचली. किनाऱ्याला जमीन संपते हे खरं, तसंच तिथे पाणीही संपतं.

कुसुमाग्रजांनी बायरनला मुद्दाम उत्तर दिलं असा माझा दावा नाही. एवढंच म्हणते की दोन कविता शेजारी ठेवल्या की एकाच प्रतिमेची दोन टोकं दिसतात, आणि प्रबंधात मला ते दिसणंच जास्त मोलाचं वाटतं. टेनिसनकडे किनारा म्हणजे नुसतं सोडून जायचं ठिकाण. बायरनकडे ती हद्द. कुसुमाग्रजांकडे ती समुद्राची उणीव.

समुद्राशी बोलणारा आणखी एक नाशिककर

समुद्राला हाक मारायला आपण इंग्रजीतून शिकलो असं म्हणण्याआधी थोडं थांबा. याच नाशिक जिल्ह्यातल्या भगूरमध्ये जन्मलेल्या सावरकरांनी १९०९ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर 'सागरा प्राण तळमळला' लिहिलं. तिथेही बोलणं समुद्राशीच आहे. पण मागणी अगदी उलटी: मला परत ने. परदेश दाखवून परत आणीन असा शब्द दिला होतास, आणि फसवलंस. मग रुसवा येतो, आळवणी येते, शेवटी धमकी येते. एका आचमनात तुला पिऊन टाकणारा अगस्ती ऋषी आठवतोय ना?

कोलंबस म्हणतो परत फिरायचं नाही, ब्रायटनच्या किनाऱ्यावरचा तरुण म्हणतो परत ने. पण समुद्राशी बरोबरीने, भांडून बोलण्याची रीत दोन्हीकडे आहे. अगस्तीची गोष्ट पुराणातली, बायरनच्या कितीतरी आधीची. आपल्याकडे समुद्र पिताही येतो, घुसळताही येतो, त्यावर सेतूही बांधता येतो. शिवाय समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यायला लावणारा समाजही आपलाच. सिंधुबंदी मोडून परत आलेल्यांना एकोणिसाव्या शतकात काय सोसावं लागलं ते आपण वाचलंय. त्यामुळे घर म्हणजे वीतभर तुरुंग, हे 'गर्वगीता'तलं म्हणणं मराठी वाचकाला नुसतं रोमँटिक वाटलं नसणार. ते ओळखीचं वाटलं असणार.

गर्व, सैतान आणि 'पामर'

आता शीर्षकाकडे या. 'गर्वगीत'. मराठीत गर्व हा चांगला शब्द आहे का? "गर्वाचं घर खाली" असं आपण लहानपणापासून ऐकतो. रावणाचा गर्व, हिरण्यकशिपूचा गर्व. गर्व आला की पुढे पडणं ठरलेलं. ख्रिस्ती परंपरेतही तेच. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये सैतान स्वर्गातून फेकला जातो तो गर्वापायी.

आणि गंमत म्हणजे हा सैतान 'गर्वगीता'त हजर आहे. स्वर्गातून कोसळलेला, सूड घ्यायला आलेला सैतान वेताळांचा मेळा जमवून समुद्रावर तांडव करतोय अशी वादळाची कल्पना तिथे आहे. एकाच चित्रात मिल्टनचा सैतान, गावाकडचा वेताळ आणि शंकराचं तांडव! बाहेरून आलेली प्रतिमा मराठीत रुजते म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पण महत्त्वाचं पुढे आहे. कोलंबस त्या सैतानाला पदच्युत म्हणून हाक मारतो. म्हणजे गर्व करून पडलेला तो, वादळाच्या बाजूला. आणि गर्व करूनही न पडणारा माणूस जहाजावर. मिल्टनमध्ये गर्व आणि पतन यांची जोडी सुटत नाही. दान्तेनेही मर्यादा ओलांडणारं जहाज बुडवलंच. कुसुमाग्रज ती जोडी तोडतात. वादळ हवं होतं ते यासाठी. शांत समुद्रावर गर्व दाखवणं सोपं असतं.

दोन शब्द आणखी बघा. पहिला 'पामर'. हा शब्द आपल्या कानावर येतो तो संतांकडून. देवापुढे उभं राहून माणूस स्वतःला पामर म्हणतो. इथे माणूस तो शब्द स्वतःवरून काढून समुद्राला चिकटवतो. दुसरा 'आसक्ती'. गीता ऐकलेल्या कोणालाही विचारा, आसक्ती ही सोडायची गोष्ट. इथे ती ध्येयाला जोडून आली आहे आणि सोडायची नाहीये. हे दोन शब्द इंग्रजीत न्यायला गेलं की त्यांच्यामागची परंपरा मागेच राहते. 'युलिसिस'च्या कुठल्याही ओळीत हे काम होत नाही, कारण ते मराठीच्या पोटातलं काम आहे.

आता अडचण

इथपर्यंत सगळं छान छान झालं. पण कवितेत एक कडवं असं आहे जिथे माझी पेन्सिल दर वेळी थांबते. धन, पत्नी, घर यांपैकी काहीही आम्हाला अडवू शकत नाही, असं म्हणून कोलंबस सांगतो की मानवतेचं निशाण मिरवत आम्ही खंड जिंकत जाऊ.

जिंकायचं म्हणजे कोणाला? ज्या बेटांवर कोलंबस उतरला तिथे ताइनो लोक राहत होते. पहिल्याच सफरीतून त्याने त्यांच्यातली काही माणसं पकडून नेली. १४९५ मध्ये सुमारे ५०० माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबून स्पेनला पाठवली गेली. २०२० मध्ये अमेरिकेत कोलंबसाचे कितीतरी पुतळे उतरवले किंवा पाडले गेले ते उगीच नाही. आणि हा माणूस निघाला होता कुठे? हिंदुस्थानला यायला! म्हणजे वाट चुकला नसता तर आपल्याच दारात आला असता.

मग १९४२ सालच्या, गुलाम देशातल्या, 'क्रांतीचा जयजयकार' लिहिणाऱ्या कवीने हा नायक का निवडला? यावर सहसा दोन उत्तरं मिळतात. एक, "अहो, ते प्रतीक आहे, इतिहास काय काढता?" दुसरं, "कविता साम्राज्यवादी आहे, विषय संपला." मला दोन्ही आळशी वाटतात.

माझं वाचन असं आहे. निशाण कोणाचं ते कवीने बदललंय. ते स्पेनच्या राणीचं नाही, मानवतेचं आहे. जहाजावर राजा नाही, सहकारी आहेत. ज्या वाचकाला त्या काळी दुसऱ्याच्या जहाजाखाली चिरडलं जात होतं, त्याला कवीने सुकाणूपाशी नेऊन बसवलं. ही मोठी गोष्ट आहे आणि १९४२ च्या वाचकाने ती ओळखली असणार. पण 'जिंकणं' हे क्रियापद मात्र बदललेलं नाही. ते जहाजाबरोबर आलं तसंच राहिलं. टेनिसनच्या राजाला जशी स्वतःची प्रजा रानटी दिसते, तसे इथे खंडावरचे लोक दिसतच नाहीत. दोन्ही कवितांत जमिनीवरच्या माणसाला बोलायला जागा नाही. प्रतीक म्हणून वाचायचं ठरवलं तरी प्रतीक निवडताना काय वगळलं गेलं, ते विचारावंच लागतं.

आणि दोन्हीकडे बायको मागे राहते. 'युलिसिस'मध्ये ती म्हातारी, 'गर्वगीता'त ती अडथळ्यांच्या यादीत, धनाच्या शेजारी. एका बाजूला मानवतेचं निशाण आणि दुसऱ्या बाजूला ही यादी, हे एकाच कडव्यात आहे.

उत्तर कवीकडेच सापडतं

ही अडचण सोडवायला मी बाहेरचा समीक्षक शोधत होते, पण नंतरच्या कुसुमाग्रजांकडेच काहीतरी सापडलं. 'कणा' ही कविता तुम्हाला पाठ असेल. ती सहसा 'गर्वगीता'च्या शेजारी ठेवून वाचली जात नाही. ठेवून बघा.

इथेही पाणी आहे. पण समुद्र नाही, नदी आहे, आणि तिला कवितेत गंगामाई म्हटलंय. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं यावर आपण तो मोजतो. इथे माणूस पाण्याकडे जात नाही, पाणीच घरात येतं, माहेरवाशिणीच्या हक्काने, आणि घर रिकामं करून जातं. ज्याचं सगळं गेलंय तो तरुण आपल्या जुन्या शिक्षकांकडे आलाय.

आपले दोन प्रश्न इथेही विचारा. कोण कोणाशी बोलतंय? विद्यार्थी सरांशी. ना समुद्राशी, ना देवाशी. त्याला पैसे नकोत, पाठीवर हात हवाय आणि लढायला सांगणारा एक शब्द. कोलंबसाने सोबत्यांना दिला तो धीर इथे माणूस मागून घेतो. आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

किनारा कोणाला? इथे कोणालाच नाही. पाणी किनारा सोडून भिंतीच्या आत आलंय. 'गर्वगीता'त समुद्राला ज्या किनाऱ्यावरून टोमणा मारला होता, तो या नदीने मानलेलाच नाही. तरीही माणूस तिला शिव्या देत नाही, माई म्हणतो.

आणि बायको? जी 'गर्वगीता'त वाटेत आडवी येणारी होती, ती इथे कारभारीण होऊन त्याच्याबरोबर चिखल काढतेय, भिंत बांधतेय. जिंकायला एकही खंड नाही. एक पडलेली भिंत आहे. माघार न घेण्याची भाषा दोन्हीकडे तीच आहे, पण इथे ती बोलण्यासाठी कोणालाही हरवावं लागत नाही.

टेनिसननेही ८०व्या वर्षी, १८८९ मध्ये, समुद्राची आणखी एक कविता लिहिली, 'क्रॉसिंग द बार'. तिच्यात निघताना गाजावाजा नको, रडारड नको, एवढीच मागणी आहे. दोन्ही कवींनी तरुणपणी पाण्यावर आवाज चढवला आणि नंतर उतरवला. पण टेनिसन पलीकडे, मृत्यूकडे बघतो. कुसुमाग्रज वळून घराकडे बघतात. तौलनिक अभ्यासात मला खरा फरक इथे दिसतो. "कोणावरून घेतलं" यात तो सापडला नसता.

तर प्रबंधाच्या या प्रकरणात मी 'युलिसिस' आणि 'गर्वगीत' या जोडीत 'कणा' घालून त्रिकूट करणार आहे. गाईडनी विचारलंय की दोन कवितांच्या तुलनेत तिसरी कशाला. वर लिहिलंय तेच त्यांना सांगणार आहे.

तुम्ही एक करून बघा. 'गर्वगीत' मोठ्याने, पूर्ण म्हणा, शेवटच्या दोन ओळी नुसत्या नको. सहकाऱ्यांना हाक येते तिथे एक श्वास थांबा. मग लगेच 'कणा' म्हणा. आवाज कुठे आपोआप खाली येतो ते लक्षात ठेवा आणि मला खाली लिहून कळवा. खंड जिंकण्याच्या त्या कडव्याबद्दल तुमचं वाचन माझ्यापेक्षा वेगळं असेल तर तेही नक्की लिहा. प्रकरण अजून माझ्या टेबलावरच आहे, बदल करता येतील.

पुढच्या पोस्टमध्ये: बालकवींचा 'औदुंबर' आणि वर्ड्‌स्वर्थचं तळं. तिथे पाणी शांत आहे, पण प्रश्न नाही!